काळ्या द्राक्षांचे सोबती : प्रस्तावना

द्राक्षं पिकवण्यात महाराष्ट्राचा हात धरणारं दुसरं राज्य देशात नाही. नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, चांदवड, बागलाणपासून सांगलीकडच्या तासगाव, पलूस, मिरजेपर्यंत आणि सोलापूरच्या नान्नजपासून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-नारायणगावपर्यंत या वेलीनं गावांचं अर्थकारण उभं केलं. घरं बांधून झाली, मुलं शिकली, काहींच्या डोक्यावर कर्जंही चढली. नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सगळं झालं, पण द्राक्ष आपल्या चुलीपर्यंत पोचलं नाही. ते फळांच्या टोपलीतच राहिलं. स्वयंपाकघरात आलंच, तर दह्यातल्या कोशिंबिरीत चार मणी, फ्रूट सॅलडमध्ये मूठभर, नाहीतर बेदाणा होऊन शिऱ्यात आणि पंचामृतात.

कैरीचं आपण काय काय करतो ते आठवून पाहावं. पन्हं, मेथांबा, तक्कू, साखरांबा, आंबेडाळ, सार, लोणच्याचे दहा प्रकार. द्राक्षाच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही, आणि त्याला कारण आहे. कैरी परसात होती, वाऱ्यानं पडत होती, शेजारीपाजारी वाटूनही उरत होती. द्राक्ष मराठी शेतात मोठ्या प्रमाणावर आलं ते विसाव्या शतकात, आणि आलं तेच नगदी पीक म्हणून. ते पेटीत भरून बाजारात गेलं. जे फळ घरात उरतच नाही, त्याचं काय करायचं हा प्रश्न घरच्या बायकांपुढे कधी पडला नाही, आणि असे प्रश्न पडल्याशिवाय पदार्थ जन्माला येत नाहीत.

हे पुस्तक ती राहून गेलेली गोष्ट करू पाहतं. त्यात काळी, जांभळी आणि लाल द्राक्षं आहेत. हिरवी द्राक्षं मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. ती कमी प्रतीची आहेत म्हणून नव्हे, तर रंगीत द्राक्षांकडे स्वयंपाकाच्या दृष्टीनं एक जास्तीचा ऐवज आहे म्हणून. तो ऐवज म्हणजे त्यांची साल. काळ्या द्राक्षाला काय शोभतं, कोणता मसाला, कोणतं स्निग्ध, कोणतं धान्य, हे ठरवायचं असेल तर विचार गरापासून नव्हे, सालीपासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. या पुस्तकातली प्रत्येक जोडी त्याच मतावर उभी आहे.

पुढची पानं उलटण्याआधी एक करून पाहावं. शरद सीडलेसचा किंवा जंबोचा एक टपोरा मणी घ्यावा. नखानं देठाकडून साल सोलावी. सोललेला मणी पाहिला की पहिलं आश्चर्य वाटतं : आत काळं काही नाही. फिकट हिरवा, जवळजवळ पारदर्शक गर आहे. तो खावा. गोड लागेल, पाणीदार लागेल, किंचित आंबट. हिरव्या द्राक्षापेक्षा फार वेगळा नाही. आता साल एकटी चावावी. आधी थोडी आंबट, मग तुरट. जीभ किंचित कोरडी पडते, गालांच्या आतून कातडी ओढल्यासारखी वाटते, आणि मागे एक गडद, जांभळासारखी चव रेंगाळते. आपण ज्याला काळ्या द्राक्षाची चव म्हणतो, ती बहुतेक सगळी त्या पातळ पापुद्र्यात होती.

याचं कारण साधं आहे. पिकलेल्या द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी असतं, आणि उरलेल्यात सगळ्यात मोठा वाटा साखरेचा. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन रूपांत जवळजवळ सारख्या प्रमाणात असते. आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा आणि थोडा मॅलिक आम्लाचा. हे झालं गराचं. सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात, टॅनिन असतं आणि सुगंधी द्रव्यांचा मोठा हिस्साही तिथंच असतो. वेलीवरच्या कडक हिरव्या मण्यात 'पाणी उतरलं', म्हणजे तो मऊ पडून फुगू लागला, की गरात साखर साठत जाते आणि त्याच दिवसांत सालीत रंग भरू लागतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला तर रंग चांगला चढतो. सतत उकाडा राहिला तर तो अडखळतो. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी करून घड थंडीत पिकत आणायचा ही आपल्याकडची रीत रंगीत द्राक्षांना मानवते.

सगळी काळी द्राक्षं सारखी नसतात, आणि स्वयंपाकात हा फरक लगेच कळतो. आपल्या बाजारात सर्वांत ओळखीचं शरद सीडलेस. 'किशमिश चोर्नी' या जुन्या काळ्या वाणाच्या वेलीवर निपजलेल्या वेगळ्या फुटीतून सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी तो निवडला. या शेतकऱ्यानं बागेत फिरताना वेगळी दिसलेली फूट हेरून वाण घडवले, आणि 'नानासाहेब पर्पल' या वाणात त्यांचं नाव राहिलं आहे. शरद गोड, कुरकुरीत, बिनबियांचा. पण त्याचा स्वतःचा सुगंध सौम्य. म्हणून मसाल्यांना तो चटकन जागा देतो. लाल रंगाची फ्लेम सीडलेस आणि क्रिमसन सीडलेस ही दोन्ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या सरकारी संशोधन केंद्रात, अनुक्रमे १९७३ आणि १९८९ साली, प्रसारित झालेली. गर घट्ट, चावायला कडक, कच्ची खायला आणि कोशिंबिरीला उत्तम. रेड ग्लोब मोठ्या बोराएवढं, बियांचं, चवीनं फिकं. ते सजवायला बरं, शिजवायला नको.

कर्नाटकात बेंगळुरू, चिक्कबळ्ळापूर भागात पिकणारं बंगळूर ब्लू ही वेगळीच जात. तिची साल गरापासून चुटकन सुटते, आणि तिला जो उग्र, गोडसर वास असतो तो मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा. द्राक्षाच्या गोळ्या आणि सरबतं यांना जो ठरावीक 'द्राक्षाचा' वास असतो, तो हाच. जॅम, रस, जेली यांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. पण कोवळ्या मसाल्यांना ती गिळून टाकते. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यातलं मस्कत हॅम्बर्ग याच्या उलट, गुलाबाच्या अंगानं जाणारं, नाजूक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 'एआरआय ५१६' हा संकरित वाण काढला. रस, जॅम, मनुका अशा अनेक कामांना तो चालतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा 'मांजरी मेडिका' रसासाठी घडवला आहे आणि रंगद्रव्यांनी समृद्ध आहे. म्हणजे सालीची आणि रसाची किंमत आपल्या संशोधकांना कळून चुकली आहे. स्वयंपाकघरानं मागे राहायचं कारण नाही.

आता जोड्यांकडे वळू. सालीच्या तुरटपणाला सगळ्यात आधी काय हवं असतं, तर स्निग्धता आणि मीठ. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. त्याच घासात दूध-दह्याची प्रथिनं आली, की टॅनिन त्यांना धरतं आणि जीभ सुटते. युरोपात द्राक्षांशेजारी चीज का मांडतात, याचं मर्म हेच. आपल्याकडे त्यासाठी चीज आणायला नको. चक्का आहे, घट्ट दही आहे, पनीर आहे, तूप आहे.

या पुस्तकाचा पाया म्हणता येईल असा पदार्थ म्हणजे तुपावर परतलेली द्राक्षं. पाव किलो काळी द्राक्षं धुऊन अगदी कोरडी पुसून घ्यावीत. ओली राहिली तर परतली न जाता उकडतात. पसरट कढईत चमचाभर तूप चांगलं तापू द्यावं, द्राक्षं घालावीत आणि मिनिटभर हात लावू नये. खालच्या बाजूला साल तडकू लागते, बारीक चुर्र आवाज येतो, कडेनं जांभळा रस सुटून तुपात मिसळतो. मग कढई हलवावी, चिमूटभर मीठ आणि जाडसर भरडलेली मिरी घालावी, आणखी तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर ठेवावं. निम्मे मणी फुटलेले, निम्मे अख्खे, आणि रस चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका दाट झाला की उतरवावं. गार चक्क्यात मीठ घोटून तो ताटलीत पसरावा आणि वर ही गरम द्राक्षं ओतावीत. गरम-गार, गोड-आंबट, तुरट-स्निग्ध असं सगळं एका घासात येतं. भाकरीबरोबर हे जेवण होतं. मिठाच्या जागी साखर-वेलची घातली तर श्रीखंडाच्या वाटेला लागतं, पण माझा कौल मिठाला आहे. गोड फळाला मीठ लावून खाण्यात आपल्याला नवल नाही. पेरूला, अननसाला आपण ते लावतोच. द्राक्षालाच का कमी करावं?

दुसरा गट मसाल्यांचा, आणि इथे आपली परंपरा आपल्याला वाटते त्याहून श्रीमंत आहे. द्राक्षारिष्ट हे आयुर्वेदातलं जुनं औषध. त्यात मनुकांबरोबर गूळ आणि धायटीची फुलं येतात, आणि सोबत दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग. औषध म्हणून ते काय करतं हा वैद्यांचा प्रांत. पण ही यादी मसाल्याच्या डब्यासमोर उभं राहून वाचली, तर ज्यानं ती रचली त्याला द्राक्षाच्या चवीची जाण होती हे मानावंच लागतं. दालचिनी आणि वेलची गोडव्याला उठाव देतात, मिरी आणि पिंपळी त्याला धार आणतात, तमालपत्र आणि नागकेशर खाली दबलेल्या तुरट चवीला हात देतात. काळ्या द्राक्षांच्या चटणीत, मुरांब्यात, पुलावात मी हीच चौकट वापरली आहे.

मिरीचं नातं तर आणखी जवळचं निघालं. शिराझ जातीच्या द्राक्षांना मिरीचा वास का येतो, याचा शोध ऑस्ट्रेलियातले संशोधक घेत होते. २००८ साली त्यांनी त्याला कारण असलेलं द्रव्य दाखवून दिलं. रोटंडोन त्याचं नाव. हेच द्रव्य काळ्या मिरीत कितीतरी जास्त प्रमाणात असतं, आणि द्राक्षात ते मुख्यतः सालीत सापडतं. शिराझ नाशिकच्या मातीतही रुजलं आहे, पण ते वायनरीत जातं, फळबाजारात येत नाही. तरी या शोधानं एक दिशा मिळते : काळ्या सालीला मिरी परकी नाही.

धण्यांची गोष्ट अशीच. धण्याच्या वासातलं मुख्य द्रव्य लिनॅलूल. मस्कत जातीच्या द्राक्षांचा सुगंधही लिनॅलूल आणि गुलाबातल्या जिरॅनिओलवर उभा आहे. म्हणून मस्कत हॅम्बर्ग मिळालं, तर त्यावर भाजून भरडलेले धणे भुरभुरून पाहावेत. दोन्ही वास एकमेकांना वर उचलतात. बडीशेप शरदसारख्या सौम्य द्राक्षाला शोभते. इटलीत टस्कनी प्रांतात द्राक्षतोडणीच्या दिवसांत, सप्टेंबरात, 'स्क्याच्याता' नावाची पसरट रोटी करतात : कणकेचे दोन थर, मध्ये आणि वर बियांसकट काळी द्राक्षं, ऑलिव्ह तेल, थोडी साखर, आणि पुष्कळ घरांत बडीशेपेच्याच वासाचा अॅनिस किंवा रोझमेरीची पानं. भट्टीत द्राक्षं फुटतात, रस कणकेत मुरतो, वरच्या कडा करपट-गोड होतात. आपल्या तव्यावर हेच गव्हाच्या जाड धपाट्यासारखं करता येतं, आणि बडीशेप तर घरात असतेच. ती कृती पुस्तकात दिली आहे.

तिसरा गट आंबट-तिखटाचा. गोड फळाला तिखट लावण्यात मराठी आणि कोकणी स्वयंपाक कुणाला हार जाणारा नाही. पंचामृत घ्या. तीळ, दाणे, खोबरं, मिरच्या, चिंच आणि गूळ यांचा हा तोल इतका पक्का आहे, की काळं द्राक्ष त्यात आपसूक बसतं. चिंच निम्मी करावी, गूळ नावापुरता ठेवावा, कारण दोन्हीचं थोडं थोडं काम द्राक्ष करणार आहे. निम्मी द्राक्षं फोडणीवर मिरच्यांबरोबरच घालावीत, म्हणजे ती विरघळून रसाला दाटपणा आणि रंग देतील. उरलेली निम्मी उतरवण्याआधी दोन मिनिटं घालावीत, म्हणजे दाताखाली फुटतील. फोडणीत चार मेथीदाणे हवेतच. मेथीचा कडवटपणा आणि सालीचा तुरटपणा एकमेकांना सांभाळून घेतात.

सासव हा त्याहून धीट प्रकार. कोकणी सारस्वत घरांत आंबा, अननस आणि द्राक्षं घालून तो करतात : ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि मोहरी यांचं वाटण, गूळ, मीठ. मोहरीचा झणका नाकात जातो, आणि तो शिजवला की मरतो. म्हणून वाटण आचेवर ठेवलंच तर अगदी बेतानं. इथे द्राक्षं कच्ची, अर्धी चिरलेली. मोहरीच्या तिखटाला थोपवायला गराचा गोडवा येतो, आणि तोंडात रेंगाळणाऱ्या खोबऱ्याला साल कापून काढते. काळ्या द्राक्षाला कच्च्या रूपात याहून चांगली सोबत मला माहीत नाही.

चौथा गट तेलबियांचा आणि धान्यांचा. याचे सगळ्यात जुने, पक्के नमुने कॉकेशस आणि तुर्कस्तानात सापडतात. जॉर्जियात अक्रोड दोऱ्यात ओवून ती माळ पिठानं दाट केलेल्या द्राक्षरसात पुन्हा पुन्हा बुडवतात आणि वाळवतात; ती चुर्चखेला. काखेती हा तिथला द्राक्षांचा मुलूख, आणि शरद ऋतूत दारोदारी या माळा लटकताना दिसतात. तुर्कस्तानात द्राक्षरस आटवून पेकमेझ नावाची काकवी करतात आणि तिच्यात वाटलेल्या तिळाची पेस्ट कालवून पावाबरोबर खातात. द्राक्ष आणि तीळ! ही जोडी वाचली, आणि आपलं पंचांग डोळ्यांपुढे आलं. काळी द्राक्षं बाजारात येऊ लागतात ती संक्रांतीच्या आगेमागे. त्याच दिवसांत घरात तीळ भाजले जात असतात, बाजरीची भाकरी तिळावर थापली जात असते, शेतावर ज्वारीचा हुरडा असतो. एकाच हंगामात एकाच मातीत येणाऱ्या गोष्टी एकमेकींना बहुधा शोभतात. हुरड्याच्या ताटात दही, लसणाची चटणी, गूळ असतोच; त्यात अर्धी चिरलेली काळी द्राक्षं मीठ-तिखट लावून ठेवली, तर गरम, दुधाळ दाण्यांबरोबर ती ओलावा आणि आंबटपणा घेऊन येतात. तिळकूट आणि आटवलेला द्राक्षरस बाजरीच्या भाकरीवर घ्यावा. तुर्की न्याहारीचं हे आपलं भावंड आहे.

पाचवा गट मांसाहाराचा. इटलीतल्या अंब्रियात डुकराच्या मांसाची सॉसेज काळ्या द्राक्षांबरोबर एकाच तव्यात शिजवतात. चरबी द्राक्षांना भाजते, द्राक्षांचा रस त्या चरबीचा जडपणा उतरवतो. तत्त्व तेच, फक्त दुधाऐवजी मांस. आपल्याकडे हे मटणाच्या चरबीदार तुकड्यांना आणि हाडासकटच्या कोंबडीला लागू पडतं. कांदा, आलं-लसूण, मिरी, दालचिनी यांत कोंबडी शिजवावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत काळी द्राक्षं सोडावीत. टोमॅटो घालू नये, तो जागा अडवतो. हळद अगदी कमी. तिच्या पिवळ्यात जांभळा रंग मिसळला की रस्सा मातकट दिसतो. माशांबरोबर मात्र मी ही द्राक्षं वापरलेली नाहीत. आपल्या ताज्या माशाला कोकम आहे, चिंच आहे, त्रिफळ आहे; त्यांच्यापुढे द्राक्षाचा गोडवा उपरा वाटतो.

सोबती ठरले तरी आच ठरवायची राहते, कारण कच्चं, भाजलेलं आणि आटवलेलं द्राक्ष ही चवीला तीन वेगळी फळं आहेत. कच्च्यात पाणी पुढे असतं, म्हणून त्याला कुरकुरीत, तिखट, खारट सोबती द्यावेत. भाजलं की पाणी उडतं, साखर गडद होते, सालीचा रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. तेव्हा दही, पनीर, मिरी, रोटी. आटवलं की ते जवळजवळ मसालाच होतं. प्राचीन रोमन स्वयंपाकात द्राक्षरस आटवून दाट पाक साठवून ठेवत आणि मांसाच्या रश्शांत घालत. इटलीच्या काही भागांत तो आजही होतो. हा पाक करताना द्राक्षं सालीसकट थोड्या पाण्यात उकळावीत, मग गाळावीत. कच्चा रस काढून साल टाकून दिली तर रंग आणि चव दोन्ही सालीबरोबर गेले म्हणून समजावं. मूळ रसाच्या तिसऱ्या हिश्श्यावर पाक आला, की एक चमचा आमटीलाही पुरतो. चिंच-गुळाची जागा तो एकटा घेतो.

काय जमत नाही तेही इथेच सांगायला हवं. गरम दुधात द्राक्षं घातली की आम्लानं दूध फाटतं. खीर-बासुंदीत ती गार झाल्यावर, वाढतानाच घालावीत. खायचा सोडा घातलेल्या पिठात काळ्या द्राक्षांचा रंग निळसर-हिरवट पडतो, कारण ही रंगद्रव्यं आम्लात लाल आणि क्षारात निळी दिसतात. केकमध्ये दही किंवा लिंबू घातलं तर रंग टिकतो. लोखंडी कढईत रस शिजवू नये. टॅनिन लोखंडाशी मिळून शाईसारखं काळं होतं आणि धातूची चव उतरते. बिनकल्हईची पितळही नको. स्टील उत्तम.

निवडताना घडाचा देठ पाहावा. हिरवा, ताठ देठ म्हणजे घड नुकता तोडलेला. तपकिरी, वाळका म्हणजे शिळा. मण्यांवरचा पांढरट थर हा त्यांचा नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो फवारणीचा डाग समजून घाबरू नये. मात्र द्राक्षावर फवारण्या होतात हेही खरं, म्हणून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. ज्या पाककृतीचा सगळा भर सालीवर आहे तिथे हे टाळता येणार नाही. धुणं वापरण्याआधीच करावं. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेली द्राक्षं लवकर बुरसटतात. आणि एक लक्षात ठेवावं : तोडलेलं द्राक्ष आंब्या-केळ्यासारखं घरी पिकत नाही. आंबट घड आणला तर तो आंबटच राहणार. त्याला चटणीत, पंचामृतात घालावं. तिथे तो गोड घडापेक्षा सरस ठरतो.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. द्राक्ष बागायतदाराची वर्षाची कमाई काही आठवड्यांच्या हवामानावर टांगलेली असते. ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, की मणी तडकतात. गारपीट झाली तर डोळ्यांदेखत बाग संपते. एरवीही आकारानं लहान, रंगानं कमी, घडातून सुटलेले मणी बाजारात कवडीमोलानं जातात, कारण आपण द्राक्ष डोळ्यांनी विकत घेतो. मोठा मणी, पातळ साल, भरपूर साखर, एकसारखा रंग, एवढंच आपण मागतो, आणि शेतकरी तेच पिकवतो. त्यात त्याचा दोष नाही. पण कढईला मण्याचा आकार कळत नाही. तिला जाड साल चालते, आंबटपणा हवाच असतो, सुटा मणी आणि घडातला मणी यांत ती फरक करत नाही. जे मणी पेटीत बसत नाहीत ते कढईत उत्तम बसतात. घरोघरी द्राक्ष शिजू लागलं, तर त्या सुट्या मण्यांना भाव येईल. आणि सुगंधी, जाड सालीच्या, बियांच्या वाणांनाही मागणी येईल, जे केवळ खाण्याच्या बाजारात आज मागे पडतात. स्वयंपाकघराची आवड शेतापर्यंत पोचते. कैरीची लोणच्याची जात आणि खायची जात आपण वेगळी ओळखतो ती याच रीतीनं.

पुस्तकाची मांडणी वर सांगितलेल्या क्रमानंच आहे : दूध-दही, मसाले, आंबट-तिखट, तेलबिया आणि धान्यं, मांसाहार, आणि शेवटी पाक, मुरांबे व चटण्या. प्रत्येक कृतीखाली कोणता वाण चालेल आणि तो मिळाला नाही तर दुसरा कोणता, हे दिलं आहे. साखरेचं प्रमाण कुठेही अंतिम मानू नये; घड चाखावा, मग ठरवावं. ज्या बागायतदारांनी आपल्या बागेतून वेगवेगळे वाण चाखायला दिले, घड कधी तोडायचा आणि का थांबायचं हे समजावलं, आणि ज्या सुगरणींनी आपल्या घरचं सासव आणि पंचामृत शिकवलं, त्यांचं या पुस्तकावर ऋण आहे.

वाचकांकडे एकच मागणं आहे. यंदा हंगामात द्राक्षवाल्यापाशी उभं राहिलात, की भावाआधी वाण विचारा. त्याला माहीत नसेल तर पुढच्या वेळी तो विचारून ठेवील. दोन किलो घेतलीत तर एक किलो खायला ठेवा आणि एक किलो चुलीसाठी. मिरी, तीळ, मोहरी, दही, बाजरी हे सगळे सोबती तुमच्या घरात आधीपासून आहेत. त्यांना द्राक्षाची ओळख करून द्यायची राहिली आहे, आणि ते काम कुणा मोठ्या आचाऱ्याचं नाही, रोज स्वयंपाक करणाऱ्याचं आहे.